राव सारचा अर्धा सिनेमा

घर भाड्याने घेताना मी आयुष्यात एकदाच हरलो, आणि ज्याच्याकडून हरलो त्याला घासाघीस म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. मद्रासला वेलचेरीतल्या त्या तीन मजली इमारतीचा मालक दारातच उभा होता. पांढरी वेष्टी लुंगीसारखी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वर बाह्यांचा बनियन, खिशात नसलेलं पेन कानावर. त्याने भाडं सांगितलं. मी सवयीने हसलो आणि निम्म्यावर आलो. त्यावर त्याने पहिल्यापेक्षा मोठा आकडा सांगितला. मला वाटलं आपलं ऐकण्यात काही चुकलं, म्हणून मी थोडा वर सरकलो. तोही वर सरकला. बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढेपर्यंत घर चांगलंच महाग झालं होतं.

"हे काय चाललंय?" मी आवाज चढवला.

"तूं भांडशील तितकें वाढेल," म्हातारा म्हणाला. "पहिला शब्द खरा होता. तो तुज नको झाला."

त्याचं मराठी हे असं. त्याचे पूर्वज कधीकाळी तंजावरला उतरले आणि भाषा तिथेच थांबली. तिच्यावर तमिळ चाल चढली. तो 'मज' आणि 'तुज' म्हणायचा, वाक्याच्या शेवटी आवाज वर न्यायचा, आणि रागावला की 'पोदुम, पोदुम' म्हणत हात झटकायचा, म्हणजे 'पुरे, पुरे'. गल्लीतले तमिळ लोक त्याला राव सार म्हणायचे. मी तोंडावर 'काका' म्हणायचो आणि पाठीमागे 'म्हातारा'. दोन्ही त्याला माहीत होतं.

मी बार्शीचा. मद्रासकडच्या एका मोटारींच्या कारखान्यात कंत्राटी कामावर आलो, मुकादमाशी भांडून बाहेर पडलो आणि स्वतःचा धंदा काढला. शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपन्या उघडतात तशा बंदही पडतात. बंद पडलेल्या ऑफिसातल्या फिरत्या खुर्च्या, टेबलं, पार्टिशनं मी घाऊक उचलतो आणि नव्याने उघडणाऱ्याला विकतो. कुणाच्या बापाची मदत घेतली नाही. सांगायचं कारण एवढंच, की अशा माणसाला कुणी उगाच नावं ठेवली की झोंबतं.

घर देताना दहा महिन्यांच्या अॅडव्हान्सबरोबर म्हाताऱ्याची आणखी एक अट होती. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सगळ्या भाडेकरूंनी गच्चीवर सिनेमा बघायला यायचं. "न येणाऱ्यानें दुसरें घर बघावें." मला वाटलं, फुकट सिनेमा, वर सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आणि कॉफी. काय वाईट आहे? मग कळलं की सिनेमा दर महिन्याला तोच असतो, आणि तोही अर्धाच.

जुना काळापांढरा इंग्रजी सिनेमा, घोडे आणि पिस्तुलांचा. एक धुळकट गाव. गावचा शेरीफ, म्हणजे आपला फौजदार. त्याने एका गुंडाला गावातून हाकललेलं असतं. तो गुंड साथीदार घेऊन डोंगराकडून परत निघालाय अशी बातमी येते. शेरीफ घरोघर जातो. काही करू नका म्हणतो, फक्त माझ्याबरोबर रस्त्यावर उभे राहा. न्हावी म्हणतो, गिऱ्हाईक अर्धं तासलंय, टाकून कसा येऊ? पाद्री म्हणतो, मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन. खानावळवाली म्हणते, त्या गुंडाने उधारी कधी ठेवली नाही हो. शेवटी तो दुकानदाराकडे जातो. दुकानदार त्याला मोजून गोळ्या देतो, मोजून पैसे घेतो, आणि तो पायऱ्या उतरला की दुकानाच्या फळ्या लावून घेतो. शेवटची फळी बसते, रस्त्यात शेरीफ एकटा उभा असतो, आणि त्या क्षणाला म्हातारा चित्र बंद करायचा.

"पुढे?" पहिल्या शनिवारी मी विचारलं.

"पुढें नाही."

"नाही कसं? मारामारी कुठाय? मी पूर्ण भाडं देतो, सिनेमा अर्धा?"

"शेवट दाखविला तर तुम्ही म्हणाल, वा, त्याचें त्यानें निभावलें. मग जेवून झोपाल. झोपूं नये म्हणून दाखवीत नाही."

मग गच्चीवर परीक्षा सुरू व्हायची. टाकीजवळ लोखंडी घडीच्या खुर्चीत बसून म्हातारा एकेकाकडे बोट करायचा. "तूं यांतला कोण?" तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले मामा दर वेळी 'शेरीफ' म्हणायचे आणि दर वेळी त्यांची बायको पदराआड हसायची. मधल्या मजल्यावर नाशिकचा एक इंजिनिअर राहायचा. तो म्हणायचा, "काका, हे सगळं सिस्टिमचं फेल्युअर आहे." म्हातारा त्याला पाद्री म्हणायचा.

माझी पाळी आली तेव्हा मी आधी माझं मत दिलं. मी म्हणालो, हा शेरीफ धंद्यात एक दिवस टिकला नसता. मागायला जाताना कुणी असा रिकामा हात पसरून जातं का? समोरच्याला काय हवंय ते आधी बघायचं. गुंडालाही काहीतरी हवंच असणार. त्याला डोंगराच्या पायथ्याशी गाठून मिटवून टाकायचं. आणि दुकानदाराचं काय चुकलं? गोळ्या मागितल्या, दिल्या. वजनात मारलं नाही.

"तूं दुकानदार," म्हातारा म्हणाला.

"आणि तुम्ही कोण?" मी भडकून विचारलं.

त्याने बोट स्वतःकडे वळवलं. "मी न्हावी. आवडीस कारखान्यांत होतों तेव्हां. एकाचें अर्धें तासलेलें होतें." एवढंच. आवडी हे मद्रासजवळचं गाव; तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्याची अख्खी नोकरी गेली होती. तिथे काय झालं, कुणाला एकट्याला उभं राहावं लागलं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

पण माझं नाव पडलं ते पडलं. जिन्यात भेटला की, "काय दुकानदार?" पाण्याची मोटार बिघडली की, "दुकानदाराला बोलवा." एकदा माझे सासरे आले होते, त्यांच्यादेखत, "तुमचा जांवई दुकानदार बरा आहे." सासऱ्यांना वाटलं कौतुक केलं. त्याचा जुना प्रोजेक्टर बिघडला तेव्हा दुसरासुद्धा त्याला मीच विकलेला, एका बंद कंपनीच्या मीटिंगरूममधला. मी किंमत सांगितली, त्याने एक शब्द न बोलता दिली. असल्या गिऱ्हाईकाचा मला मनस्वी संताप येतो.

आता सेल्वी अक्काची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी वावळ्याचं मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत तिची इस्त्रीची गाडी. कोळशाची इस्त्री, अंगात ताप असला तरी हसरं तोंड, आणि जीभ अशी की पोलिसाने कॉलर चुरगळून आणली तर पोलिसाची काढेल. नवरा गेल्यापासून त्या गाडीवर घर चालतं. ती जागा गेली तर पुढे हमरस्ता, तिथे सावली नाही आणि उभंही राहू देत नाहीत. म्हणजे जागा गेली की धंदा गेला.

आणि जागा अण्णनला हवी होती. अण्णन म्हणजे मोठा भाऊ. कुणाचा ते विचारायचं नाही. वेलचेरी स्टेशनाबाहेरच्या शेअर ऑटो त्याच्या शब्दावर चालायच्या. त्याच्या मेव्हण्याला ज्यूसचं दुकान टाकायचं होतं आणि त्याला झाडाची सावली आवडली होती. "रविवारी सकाळी दहाला मी येतो," तो अक्काला म्हणाला, "तोवर गाडी हलव. नाहीतर मी हलवतो."

म्हाताऱ्याने सिनेमा इतक्या वेळा बघितला होता, की आता त्याला संधीच मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून तो आमच्याच इमारतीत दारोदार निघाला. मी वरच्या जिन्यात उभा राहून सगळं ऐकत होतो.

मामा म्हणाले, "रविवारी? माझं शुगरचं रक्त द्यायचंय सार, उपाशीपोटी. आणि खरं सांगू का, पूर आला तेव्हा अण्णननेच होडी आणली होती. माझ्या बायकोला त्याने खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. त्याच्यासमोर कसा उभा राहू?"

हे मात्र खरं होतं. होडी आणली होती. आम्हा सगळ्यांनाच त्याने काढलं होतं.

नाशिकचा इंजिनिअर म्हणाला, "काका, मी ऑनलाइन तक्रार टाकतो ना. फोटोसकट टाकतो."

"प्रार्थनेस फोटो लागत नाही," म्हातारा म्हणाला आणि वर आला.

मी दार उघडं ठेवून, केस सारखे करून उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं. आधी त्याला दोन शब्द ऐकवायचे, मग बघू म्हणायचं, मग मान्य करायचं. सौदा असाच करतात. म्हातारा जिना चढला, माझ्या दारासमोरून गेला आणि गच्चीच्या पायऱ्यांकडे वळला.

"काका! मला विचारायचं राहिलं!"

"तुज काय विचारायचें? तूं फळी लावशील."

मी खरंच सांगतो, मला लहानपणी मार खाल्ल्यानंतरसुद्धा इतका राग आला नव्हता. सगळ्या भेकडांना विचारलं, नाही म्हणायची संधी दिली, आणि मला तेवढीही नाही! बायको म्हणाली, "अहो, बीपी." मी चप्पल घातली आणि तडक अण्णनकडे गेलो.

ऑटो स्टँडच्या वर त्याचं ऑफिस. भिंतीवर नेत्यांचे फोटो, हार, पंखा, आणि अण्णन एका पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत, जिचा एक हात तुटलेला. समोर बाकावर बसणारा माणूस त्याच्यापेक्षा उंच दिसत होता. मला काम कळलं.

"काय सेट?" तो म्हणाला. इथे बाहेरून आलेला प्रत्येक व्यापारी सेट, म्हणजे शेठ. मी बार्शीचा आहे हे सांगणं मी कधीच सोडून दिलंय.

मी अक्काचं नावच काढलं नाही. म्हटलं, "अण्णे, माझ्याकडे एक खुर्ची आलीय. बंद कंपनीच्या मोठ्या साहेबाची. काळं चामडं, पाठ डोक्याच्या वर जाते. गोडाऊनला येऊन नुसती बघा."

आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. गिऱ्हाईकाला किंमत सांगायची नाही, आधी खुर्चीत बसवायचं. बसल्यावर तो खुर्चीच्या हातांवर हात ठेवतो, मागे रेलतो आणि मग पायाने जमीन ढकलून एक गिरकी घेतो. गिरकी घेतली की माणूस आपला. अण्णन शनिवारी सकाळी आला, बसला, रेलला, आणि चांगल्या दोन गिरक्या घेतल्या.

मग मी झाडाचा विषय काढला. खुर्ची त्याची. मेव्हण्याला ज्यूसच्या दुकानासाठी माझ्या गोडाऊनपुढची शेडखालची जागा, तीही हमरस्त्याला लागून, म्हणजे झाडापेक्षा चांगली. बदल्यात अक्काची गाडी जागची हलणार नाही. अण्णनने आणखी एक गिरकी घेतली. त्याची एकच अट होती. हे कुणाला कळता कामा नये. "एका इस्त्रीवालीसाठी अण्णन खुर्चीवर विकला गेला, असं व्हायला नको, सेट."

मी हात मिळवला. खुर्ची टेम्पोत चढवली, कुणाला दिसू नये म्हणून घरातली इस्त्रीची मोठी निळी चादर तिच्यावर नीट गुंडाळली, आणि टेम्पो गल्लीतून स्टँडकडे पाठवला. काम फत्ते. म्हाताऱ्याला सांगायची सोय नव्हती, नाहीतर तिथल्या तिथे तोंडावर मारलं असतं.

रविवारी दहाला म्हातारा झाडाखाली. घडीची लोखंडी खुर्ची, कडक वेष्टी, मांडीवर मिटलेली छत्री. शेजारी अक्का आपली इस्त्री फिरवत होती. गल्लीतल्या एकूण एक खिडकीत माणसं होती. मामा शुगरचं रक्त देऊन लवकर परत आले असावेत, कारण तेही पडद्याआड होते. मी बाल्कनीत कॉफी घेऊन निवांत. कारण कुणी येणारच नव्हतं.

आणि अण्णनची मोटारसायकल वळली. मागे आणखी दोघं.

माझ्या हातातली कॉफी सांडली. सौदा मोडला! खुर्ची घेऊन, शेड घेऊन, हा माणूस शब्द फिरवतो? मी जिने उतरलो, एका पायात माझी चप्पल, एका पायात बायकोची. म्हाताऱ्यासाठी उतरलो असं कुणी समजू नये. माझी खुर्ची होती. फाटकाबाहेर आलो आणि तिथेच थांबलो. अण्णन गाडीवरून उतरला, म्हाताऱ्यासमोर वाकला आणि चक्क त्याच्या पाया पडला. दोन शब्द बोलला, हात जोडले, गाडीला किक मारली आणि गेला.

मला लगेच उमगलं. गुपचूप मागे हटला असता तर गल्ली म्हणाली असती, अण्णन घाबरला. थोरामोठ्याच्या पाया पडून हटला, तर मान राखला. पक्का व्यापारी. पण खिडक्यांमधल्या लोकांनी वेगळंच बघितलं. त्यांनी बघितलं की एक म्हातारा छत्री घेऊन बसला आणि गुंड पाया पडून पळाला.

रस्त्यात आम्ही तिघंच. म्हाताऱ्याने माझ्या चपलांकडे बघितलं.

"दुकानदार, उशीर केलास," तो म्हणाला. "बैस."

"बसू कुठे?"

त्याने कपड्यांच्या गाठोड्याकडे बोट केलं. मी टेकलो, तशी अक्का किंचाळली, "अय्यो सेट, इस्त्रीचं आहे ते! ऊठ!" म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने तिघांसाठी कॉफी मागवली. गच्चीवरची सोडली तर त्याआधी त्याने मला कधी कॉफी पाजली नव्हती.

पुढे काय झालं ते कुणीही सांगेल. गल्लीच्या मंडळाने म्हाताऱ्याचा सत्कार केला. भाषण मामांनी केलं, "आम्ही सगळे त्यांच्या पाठीशी उभे होतो." म्हाताऱ्याच्या खांद्यावर जरीची शाल घातली. ती त्याने सरळ अक्काकडे इस्त्रीला टाकली आणि परत आणलीच नाही. आणि मी? माझी साहेबी खुर्ची गेली, शेड गेली, मेव्हण्याचा मिक्सर दिवसभर गोडाऊनपुढे घरघरतो, आणि तोंड उघडायची सोय नाही. दुसऱ्या शनिवारी गच्चीवर पुन्हा तोच सिनेमा, पुन्हा फळ्या, पुन्हा म्हाताऱ्याचं बोट: "हा आमचा दुकानदार." आता तो ते हसून म्हणायचा. मला ते जास्तच लागायचं.

गेल्या वर्षी म्हातारा गेला. आजार नाही, काही नाही. दुपारी झोपला तो उठला नाही. तिरडीपाशी अख्खी गल्ली जमली, अण्णनही आला. मी कोपऱ्यात उभा होतो. सेल्वी अक्का डोळे पुसत माझ्याशेजारी आली आणि म्हणाली, "सेट, तुझी ती निळी चादर अजून आहे का रे? खुर्चीवर घातलेलीस ती?"

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"माझ्या हातची घडी मला कळत नाही का? टेम्पो माझ्यासमोरून स्टँडकडे गेला, चादरीखालून खुर्चीची चाकं दिसत होती. शनिवारीच मी राव सारला सांगितलं, सेटने अण्णनला खुर्ची पाठवली. फार हसले."

"शनिवारी माहीत होतं? मग रविवारी बसले कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, सौदा मोडला तर? कुणीतरी बसायला हवं."

म्हणजे सगळं माहीत असून त्याने शाल घेतली! पण प्रेतासमोर भांडता येत नाही.

महिन्याभराने कोईम्बतूरची त्याची मुलगी घर रिकामं करायला आली. सामान अर्थातच मी घेतलं. ती पहिला आकडा बोलली तो मी दिला. का दिला ते मला विचारू नका. सामानात तो प्रोजेक्टर होता. विकण्याआधी चालतो का बघावा म्हणून मी गोडाऊनमध्ये दुपारी लावला. उजेड फार होता म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. पेनड्राइव्ह आतच होता. भिंतीवर चित्र उमटलं ते बरोबर तिथूनच, जिथे तो नेहमी थांबवायचा. दुकानदार शेवटची फळी बसवत होता.

या वेळी थांबवायला कुणी नव्हतं.

धूळ उडाली, घोडे आले, गोळीबार झाला. शेरीफ पाण्याच्या हौदाआड अडकला. पिस्तूल उघडून बघतो, तर रिकामं. समोरून तिघं चालत येतायत. रस्त्यात चिटपाखरू नाही, सगळ्या खिडक्यांत माणसं. आणि दुकानाची एक फळी वीतभर सरकली. आतून नुसता एक हात बाहेर आला. तोंड दिसलं नाही. हाताने गोळ्यांचं खोकं लाकडी पायरीवरून जोरात ढकललं. ते घसरत घसरत शेरीफच्या बुटापाशी येऊन थांबलं. फळी पुन्हा बंद.

मी चित्र मागे घेतलं. पुन्हा बघितलं. आणखी एकदा बघितलं.

त्या खोक्याचे पैसे दुकानदाराने नंतर घेतले की नाही, हे सिनेमात कुठेच नाही. माझ्या मते घेतले नसावेत. पण एवढं जर म्हाताऱ्याला ठाऊक होतं, तर शुक्रवारी माझ्या दाराशी थांबून एकदा विचारायला काय झालं होतं? मी नाही म्हणालो असतो का? हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून एक गिऱ्हाईक वाकून आत आलं. नवं ऑफिस टाकणारा होता. त्याची नजर प्रोजेक्टरवर गेली. "केवढ्याला?"

मी आकडा सांगितला. तो हसला आणि निम्म्यावर आला.

मी आणखी मोठा आकडा सांगितला.